परदेशात शिकायला गेल्यावर जात, वर्ण आणि वर्ग मागे राहतात का? दिंडोरीसारख्या तालुक्यातून जाणाऱ्यांनी समजून घ्यायच्या गोष्टी

गावातलं कुणी परदेशात शिकायला निघालं की चौकात बॅनर लागतो, व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे मेसेज फिरतात, विमानतळावरचा फोटो स्टेटसला जातो. पुढच्या वर्षभरात त्या मुलाला किंवा मुलीला तिथे काय काय दिसतं, काय सोसावं लागतं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

परदेशात जात विचारत नाहीत, असं आपण सर्रास ऐकतो. ते कितपत खरं आहे? गोऱ्या-काळ्याचा भेद आपल्या मुलांच्या वाट्याला कसा येतो? आणि सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थ्याला पैशांचा ताण का जाणवतो? एकेक मुद्दा पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- परदेशातल्या विद्यापीठात जातीची अधिकृत नोंद नसते. पण भारतीयांच्या घोळक्यात जातीचा अंदाज घेतला जातो.
- पहिला धक्का बहुतेक वेळा संस्कृतीचा नसतो, पैशांचा असतो.
- वर्णभेद आपल्यावर होतो, आणि आपणही तो करतो.
- काही देशांत आणि विद्यापीठांत जातीय भेदभावाविरुद्ध तक्रार करता येते. सगळीकडे नियम सारखे नाहीत.

दिंडोरीचा इथे काय संबंध?

नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी तालुका द्राक्षांसाठी ओळखला जातो. तालुक्यातल्या मोहाडीत सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची मोठी कंपनी आहे. तिथून द्राक्षं युरोपात जातात. शांदों या फ्रेंच नावाची वाइनरीही दिंडोरीत आहे. म्हणजे इथला माल परदेशात पोहोचून बरीच वर्षं झाली.

पण याच तालुक्याला दुसरी बाजू आहे. दिंडोरीतली काही गावं राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतात. दिंडोरीचा विधानसभा मतदारसंघ आणि २००८च्या पुनर्रचनेत तयार झालेला लोकसभा मतदारसंघ, हे दोन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. महादेव कोळी, कोकणा, वारली, भिल्ल असे समाज या पट्ट्यात राहतात. द्राक्षबागेत छाटणी, विरळणी, खुडणीला येणारे अनेक मजूर शेजारच्या पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतले असतात.

बागाईतदाराचा मुलगा परदेशी निघतो तेव्हा जमिनीवर कर्ज मिळू शकतं, ओळखीचं कुणी ना कुणी आधी गेलेलं असतं. मजुराच्या घरातली मुलगी निघते तेव्हा तिची सगळी मदार शिष्यवृत्तीवर असते. घरात एक बोली, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी, असा प्रवास तिने आधीच केलेला असतो. दोघांचं विमान एकच असलं तरी सुरुवात एका जागेवरून होत नाही. परदेशातल्या विषमतेचा विचार इथून सुरू करायला हवा.

आधी गेलेल्यांनी काय पाहिलं?

महाराष्ट्रातून परदेशी शिकायला जाण्याला जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातली चार उदाहरणं आजही उपयोगी पडतात.

*आनंदीबाई जोशी:* १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या काळात समुद्र ओलांडणं हेच धर्म बुडाल्यासारखं मानलं जायचं, तिथे एका बाईने एकटीने जाणं तर फारच दूर. निघण्याआधी श्रीरामपूर (बंगाल) इथल्या कॉलेजात जाहीर भाषण करून त्यांना आपल्या जाण्याची कारणं द्यावी लागली. तिकडची थंडी, नऊवारी साडी, शाकाहार आणि ढासळती तब्येत अशी ओढाताण शेवटपर्यंत राहिली. परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचं निधन झालं. वय जेमतेम २१ होतं.

*पंडिता रमाबाई:* आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला त्या इंग्लंडहून आल्या होत्या. पुढे अमेरिकाभर फिरून त्यांनी १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केलं. अमेरिकेतल्या बायकांच्या संस्था, शिक्षण, लोकशाही यांचं त्यांना कौतुक वाटलं. पण काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही त्यांनी नोंदवली. भारावून जायचं, पण डोळे उघडे ठेवायचे, हे त्यांना जमलं.

*डॉ. बाबासाहेब आंबेडकर:* बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. मे १९१६ मध्ये त्यांनी तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. नंतर ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं.

करारानुसार ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात खोटं पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात हे लिहून ठेवलं आहे. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती परत आली, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. त्यांच्या बाबतीत सर्वात मोठा धक्का जाताना नाही, परत येताना बसला.

पुढे जुलै १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्या अमेरिकनांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या जाणाऱ्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. त्याच महिनाअखेरीस ड्यू बॉइस यांचं उत्तर आलं. महात्मा फुले यांनी तर १८७३ मध्येच 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करण्याच्या कामी पुढे आलेल्या अमेरिकनांना अर्पण केलं होतं. दोन्हीकडच्या विषमतेची तुलना महाराष्ट्राला नवी नाही.

*इरावती कर्वे:* १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला पीएच.डी. करायला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा संबंध वंशाशी जोडता येतो का, हे कर्वे यांना तपासायचं होतं. मोजमापं केल्यावर तसा संबंध नाही, असा निष्कर्ष निघाला आणि मार्गदर्शकांना न रुचणारा तो निष्कर्ष त्यांनी प्रबंधात तसाच मांडला. परक्या देशात, गुण हातात असलेल्या प्राध्यापकासमोर हे करणं सोपं नव्हतं.

आज शिकायला पैसे कुठून येतात?

मुख्य सरकारी वाटा अशा आहेत:

- *राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती:* राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, ७५ जागा.
- *आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती:* अनुसूचित जमातींसाठी. या विभागाचं आयुक्तालय नाशिकलाच आहे आणि जिल्ह्यात नाशिक व कळवण इथे प्रकल्प कार्यालयं आहेत.
- *केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती:* १९५४-५५ पासून सुरू. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या १२५ जागा आहेत. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी आणि उरलेल्या भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांसाठी.
- *केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची योजना:* देशभरातून वर्षाला २० जागा. त्यातल्या ३ विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे समाज या गटात येतात.

उत्पन्नाची मर्यादा, वय, विद्यापीठाची जागतिक क्रमवारी या अटी बदलत असतात. त्यामुळे युट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात वाचा.

कागदावर हे चांगलं दिसतं, पण अडचणी तीन ठिकाणी येतात. पहिली, वेळ. जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला महिने जातात. त्यातच विद्यापीठ अनामत भरायला सांगतं आणि शिष्यवृत्तीची यादी लागलेली नसते.

दुसरी, निधी. २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत १०६ विद्यार्थी निवडले गेले, पण सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रं मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर पाहू, असं सांगण्यात आलं. यावर टीका झाली. निवड झाली म्हणजे पैसे आले, असं समजून चालत नाही, हे त्यातून दिसलं.

तिसरी, विषय. केंद्राने २०२२ मध्ये अट घातली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. हे विषय इथेच शिकता येतात, असा सरकारचा युक्तिवाद होता. टीकाकारांचा प्रश्न असा, की १९१६ मध्ये ही अट असती तर जातींवरचा तो निबंध न्यूयॉर्कमध्ये वाचला गेला असता का?

पहिला धक्का: खिशाला बसतो

एक हिशेब करून पाहा. केंद्राच्या योजनेत ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड, असा आकडा बरीच वर्षं चालत आला. म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ पासून व्हिसासाठी ठरवलेली रक्कम होती लंडनमध्ये महिन्याला १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड. जगायला किमान किती लागतं, याचा त्या देशाचाच अंदाज भत्त्यापेक्षा कितीतरी वर होता.

मग विद्यार्थी पार्टटाइम काम शोधतो. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. अमेरिकेत २० तास, तेही सहसा कॅम्पसवरच. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. शिष्यवृत्तीच्या स्वतःच्या अटी आणखी वेगळ्या असू शकतात. मर्यादेपेक्षा जास्त तास केले तर व्हिसा धोक्यात येतो. हे माहीत असल्यामुळेच काही मालक रोखीत, कमी दराने काम करून घेतात आणि विद्यार्थी तक्रार करत नाही. अशा मालकांत आपले देशबांधवही असतात.

वर्गमित्र सुट्टीत फिरायला जातात, कॉफीला बाहेर भेटतात, आणि आपण प्रत्येक पौंडाला रुपयांनी गुणतो. सारखं नाही म्हणावं लागलं की माणूस हळूहळू गटाबाहेर पडतो. कॉफीला जाणारे मित्रच पुढे नोकरीची जागा कळवतात. त्यामुळे आज वाचवलेल्या कॉफीची किंमत पुढे ओळखींच्या रूपाने मोजावी लागते.

संस्कृतीचा धक्का: वर्गात बोलायचं कसं?

प्राध्यापकांना नावाने हाक मारणं, त्यांचा मुद्दा भर वर्गात खोडणं, शंका आली की लगेच हात वर करणं. जिथे 'सर, आत येऊ का?' विचारून वर्गात पाऊल टाकायची सवय आहे, तिथून गेलेल्याला हे उद्धटपणाचं वाटतं. गप्प बसणारा विद्यार्थी तिथे आदर करणारा ठरत नाही, तयारी न केलेला ठरतो. चर्चेला गुण असतात.

इंग्रजीचा न्यूनगंड यात भर घालतो. उच्चारावरून होणारी पारख गोऱ्यांइतकीच शहरी भारतीयांकडूनही होते. 'कुठल्या स्कूलमध्ये होतास?' या प्रश्नाला आश्रमशाळेचं नाव सांगायला अनेकांची जीभ अडते.

काही गोष्टी सुखावणाऱ्याही असतात. आपलं ताट आपण धुणं, संडास पाळीपाळीने साफ करणं, बस ड्रायव्हरला उतरताना धन्यवाद म्हणणं. कष्टाच्या कामाला जन्माशी न जोडता पाहता येतं, हे पहिल्यांदा अनुभवायला मिळतं. पण तिथेही रात्री ऑफिसं झाडणारे, हॉटेलात भांडी घासणारे हात बहुधा स्थलांतरितांचे असतात, हेही दिसत राहतं. ब्रिटनच्या फळबागांत हंगामी व्हिसावर किर्गिझस्तान, उझबेकिस्तान अशा देशांतून मजूर येतात. दिंडोरीच्या बागेत पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या पाहिलेल्या विद्यार्थ्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

वर्ण: सोसायचा आणि तपासायचाही

रस्त्यावरची शेरेबाजी, घर भाड्याने देताना टाळाटाळ, नाव पाहून नोकरीचा अर्ज बाजूला टाकणं, हे प्रकार घडतात. बऱ्याच देशांत वंश आणि वर्ण यावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध स्पष्ट कायदे आहेत आणि विद्यापीठांत तक्रारीची सोय असते.

दुसरी बाजू बोलायला अवघड आहे. गोऱ्या रंगाचं वेड घेऊन गेलेले आपले विद्यार्थी कृष्णवर्णीय वर्गमित्रांना टाळतात, 'त्या एरियात जाऊ नको' असे सल्ले देतात. ज्याने स्वतः भेदभाव सोसला, तोही यातून आपोआप सुटत नाही. नांदेडचे अभ्यासक सूरज येंगडे यांनी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि पुढे जात व वर्ण यांच्या तुलनेवर लिहिलं. परदेश म्हणजे फक्त अमेरिका-युरोप, हा समजही अशा प्रवासांनी मोडतो.

जात: 'मूळ आडनाव काय?'

विद्यापीठाला जात माहीत नसते आणि गोऱ्या वर्गमित्राला ती ओळखता येत नाही. इतकं मोकळेपण अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा मिळतं. पण राहायला जागा, जेवणाची सोय, नोकरीची शिफारस हे सगळं देशी ग्रुपमधूनच होत असतं. तिथे प्रश्न आडवळणाने येतात. 'गाव कुठलं?', 'घरी नॉनव्हेज चालतं का?', 'कुलदैवत कोणतं?', 'कुठल्या स्कॉलरशिपवर आलास?'

पवार, गायकवाड, चौधरी ही आडनावं आपल्याकडे अनेक समाजांत आहेत. आडनावावरून पत्ता लागला नाही, की पुढचे प्रश्न सुरू होतात. शाहू शिष्यवृत्तीचं नाव घेतलं की उत्तर मिळतं. काही जण म्हणून शिष्यवृत्तीचं नावच सांगत नाहीत. स्वतःच्या मेहनतीने मिळवलेली गोष्ट लपवावी लागणं, हा या विषमतेचा सर्वात शांत आणि सर्वात खोल परिणाम आहे.

हे किती प्रमाणात घडतं? आकड्यांवर वाद आहे. इक्वॅलिटी लॅब्स या संस्थेच्या २०१८च्या अहवालात अमेरिकेतल्या दलित प्रतिसादकांपैकी ६७ टक्क्यांनी कामाच्या ठिकाणी जातीमुळे अन्याय झाल्याचं सांगितलं. कार्नेगी संस्थेच्या २०२१च्या अहवालात साधारण ५ टक्के भारतीय अमेरिकनांनी जातीय भेदभाव अनुभवल्याचं सांगितलं. दोन्ही आकडे एकमेकांना खोडतात असं वाटतं, पण तसं नाही. पहिल्यात लोक स्वतःहून सहभागी झाले होते, त्यामुळे तो सगळ्या समाजाचं प्रमाण सांगत नाही. दुसरा १,२०० जणांच्या प्रातिनिधिक नमुन्यावर आहे, पण त्यात दलित अगदी थोडे होते. ज्यांना सोसावं लागतं तेच संख्येने कमी असतील, तर सरासरी लहानच दिसणार.

कायदा काय म्हणतो?

*अमेरिका:* ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या तेव्हाच्या २३ कॅम्पससाठी तेच केलं. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीय भेदभावावर बंदी घालणारं सिएटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. तो प्रस्ताव मांडला होता पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही असा कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. सध्याच्या कायद्यात हे संरक्षण आधीच आहे, असं कारण त्यांनी दिलं. काही हिंदू संघटनांचा आक्षेप असा, की अशा तरतुदींमुळे एकाच समाजाकडे संशयाने पाहिलं जातं.

*ब्रिटन:* २०१०च्या समानता कायद्यात जातीचा थेट उल्लेख आणण्याचं ठरलं होतं. २०१८ मध्ये सरकारने तो विचार सोडला आणि न्यायालयीन निकाल पुरेसे आहेत, असं म्हटलं. त्यातला महत्त्वाचा निकाल भारतातल्या एका आदिवासी स्त्रीच्या खटल्यातला आहे. तिला घरकामासाठी नेऊन तासाला अवघे ११ पेन्स इतका मोबदला दिला गेला होता. जात 'वांशिक मूळ' या व्याख्येत बसू शकते, असं अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये म्हटलं. २०१५ मध्ये तिला १,८३,७७४ पौंड देण्याचा आदेश झाला.

*कॅनडा:* टोरंटोच्या शाळा मंडळाने मार्च २०२३ मध्ये जातीय भेदभावाची दखल घेणारा ठराव केला. त्याच वर्षी ओंटारियोच्या मानवाधिकार आयोगाने जातीवरून होणारा भेदभाव तिथल्या मानवाधिकार कायद्याखाली येतो, अशी भूमिका मांडली.

जाण्याआधी आणि गेल्यावर काय करावं?

- जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच करा.
- परीक्षा, अर्ज, व्हिसा यांचा खर्च शिष्यवृत्ती येण्याआधीचा असतो. त्याची वेगळी तजवीज करा. ब्रिटनसाठी विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभारही आहे.
- विद्यापीठांत अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी असतो. भत्ता उशिरा आला तर तो मागायला लाजू नका.
- पहिल्या महिन्यातच विद्यापीठाचं भेदभावविरोधी धोरण वाचून ठेवा. त्यात जात आहे का, नसेल तर 'वंश' किंवा 'मूळ' यात तक्रार बसते का, हे विद्यार्थी संघटनेला विचारा.
- काही घडलं तर तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार लिहून ठेवा. मेसेज पुसू नका.
- जात सांगायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही.
- आपल्यासारखे आधी गेलेले शोधा. बुलढाणा जिल्ह्यातून लंडनच्या सोआस विद्यापीठात चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर गेलेले राजू केंद्रे यांची 'एकलव्य' ही संस्था पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी मार्गदर्शन करते.
- पासपोर्ट, नोकरी किंवा मालकाशी गंभीर वाद असेल तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे.

आणि जे बागाईतदार, शहरी किंवा सवर्ण घरांतून जातात, त्यांच्यासाठी एकच गोष्ट. खोली भाड्याने देताना, ग्रुपमध्ये कुणाला घेताना, शिफारस करताना आपण कोणते प्रश्न विचारतो, ते एकदा तपासा. तिथे आपल्याला रंगावरून कुणी पारखलं की राग येतो. तो राग योग्यच आहे, म्हणून तर तीच पारख आपण दुसऱ्याची करायची नाही.

परत आल्यावर?

बडोद्यातला प्रसंग १९१७चा आहे. आज परदेशी पदवी घेऊन आलेल्याला काठ्या घेऊन कुणी हुसकावणार नाही. पण शहरात फ्लॅट शोधताना आडनाव विचारलं जातंच. गावात सत्कार होतो आणि 'कोट्यातून गेला होता' ही कुजबुजही होते. म्हणून पुढच्या वेळी चौकात बॅनर लागेल तेव्हा अभिनंदनाबरोबर त्या मुलाला किंवा मुलीला इतकंच विचारा: तिथे घर मिळालं का, भत्ता वेळेवर येतोय का, आणि बोलायला कुणी आहे का?